एक नोंद सापडली

बाई लहानपणापासून भित्र्या. इतक्या, की थोरल्या भावाने त्यांचं नाव भागूबाई ठेवलं, आणि लग्न होऊन सासरी गेल्या तरी ते नाव त्यांच्या मागोमाग तिथेही पोचलं. कुत्रा भुंकला की भीती, जिन्यातला दिवा गेला की भीती, दारावर थाप पडली की भीती. माहेरी टेलिफोन आला तेव्हा तो वाजला की त्या पलंगाखाली शिरायच्या. आणि अशा बाईंना नोकरी लागली ती टेलिफोनवर! मोठं इस्पितळ, बऱ्याच इमारती, आणि सगळ्या इमारतींचे फोन एका बिनखिडकीच्या खोलीत येऊन पडायचे. तिथे कानाला हेडफोन लावून बाईंनी अर्धं आयुष्य काढलं. समोरचा माणूस दिसत नाही ना, मग भीती कमी वाटते, असं त्या म्हणायच्या.

पुढे ती खोली बंद झाली. फोन आपापले जोडले जाऊ लागले, आणि बाईंची रवानगी कम्प्युटरच्या विभागात झाली. तिथले साहेब त्यांच्याहून वयाने लहान. चष्मा कायम कपाळावर चढवलेला आणि तोच टेबलभर शोधत बसायचे. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला इस्पितळातला माणूस न् माणूस पाठ आहे. आता तेच पडद्यावर करायचं."

काम सांगायला सोपं होतं. इस्पितळात नोकरीला असलेल्या प्रत्येक माणसाची एक नोंद. नाव, हुद्दा, विभाग, खोली, आतला फोन, मोबाइल, घरचा पत्ता, फोटो, आणि त्याच्या कार्डाने कुठकुठली दारं उघडतात तेही. पडद्याच्या डाव्या बाजूला एक झाड दिसायचं. झाडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एक फांदी उघडली की त्या विभागातली माणसं. माणसावर टिचकी मारली की उजव्या बाजूला त्याची सगळी कुंडली. वर शोधायची चौकट. काही बदलायचं तर त्या ओळीवर जायचं, नवीन लिहायचं आणि 'साठवा' दाबायचं. दाबलं की संपलं. तेव्हापासून साऱ्या इस्पितळाच्या लेखी तो माणूस तसा.

त्या 'साठवा'ची बाईंना भीती बसली, आणि तिला कारणही तसंच घडलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत झाडावरून खाली सरकताना त्यांचा हात जरा घसरला आणि धुलाई विभागाची अख्खी फांदी उचलून शवागाराखाली जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईवाले कपड्यांच्या गाड्या घेऊन आले तर धुलाईचं दार काही उघडेना. एकाने वैतागून शेजारचं दार बघितलं, ते मात्र झटकन उघडलं, आणि आतलं पाहून तो जो पळाला तो थेट फाटकापाशी थांबला. सगळं इस्पितळ हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, एका बोटाने एवढं होतं, तर कधीतरी काय होईल! त्यानंतर साहेबांनीही नियम घालून दिला: विभागप्रमुखाच्या सहीचा कागद आल्याशिवाय कुठल्याही नोंदीला हात लावायचा नाही. बाईंना हायसं वाटलं. कागद असला की भीती निम्मी.

हे झालं आधीचं. आता जे घडलं ते असं.

बाईंची खोली तळमजल्यावर, आणि तिला एक सरकत्या काचेची खिडकी. लोकांना काही विचारायचं असलं की तिथे येऊन उभे राहायचे. एके दिवशी सकाळी तिथे एक लिफ्टवाला आला. करड्या रंगाचा डगला, छातीवर कंपनीचा बिल्ला, हातात हत्यारांची पिशवी. चाळिशीच्या आतला, हसतमुख.

"मॅडम, एक मिनिट त्रास देऊ का? आमच्या कंपनीला नुकतंच इथलं काम मिळालंय."

"बोला की."

"लिफ्ट बंद करायच्या आधी त्या मजल्यावर फोन करून सांगायला लागतं. त्यासाठी आम्हाला तुमची यादी बघायला दिलीय. पण नाव शोधलं की ती मध्येच तुटते. म्हणते, फार नोंदी सापडल्या."

बाईंना कोणी गोड बोलून मदत मागितली की त्या विरघळायच्या. "अहो, सोपं आहे. नावाची पहिली अक्षरं लिहायची, पुढे चांदणी टाकायची, आणि खाली विभाग निवडायचा. नेमकं तेवढंच येतं."

"चांदणी म्हणजे?"

"ही बघा, आठच्या आकड्याच्या डोक्यावरची, फुलासारखी. म्हणजे पुढचं काहीही चालेल."

त्याने तळहातावर पेनाने लिहून घेतलं. "आणि आडनाव बदललेलं असलं तरी सापडेल?"

"हो तर. पहिल्या नावावरून सापडेल."

जाता जाता त्याचं लक्ष खिडकीच्या काचेकडे गेलं. ती सरकवताना करकरायची. त्याने पिशवीतून तेलाची छोटी बाटली काढली, दोन थेंब सोडले, काच चार वेळा मागेपुढे केली. "आता नाही ओरडायची," म्हणाला आणि हात पुसत निघून गेला. बाईंना वाटलं, किती भला माणूस! कोण करतं हल्ली असं?

त्याच दिवशी दुपारी एक्स-रेवाली पोरगी आली. एक्स-रे विभागात नुकती लागली होती, बाईंनीच तिची नोंद केली होती. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, आणि बोलताना सारखी मागे वळून पाहायची.

"मॅडम, माझी नोंद यादीतून काढता येईल का? म्हणजे सगळी नको. पत्ता, मोबाइल आणि खोली."

"का गं? पत्ता बदलला का?"

"नाही. नुसता काढायचाय."

"मग विभागप्रमुखांच्या सहीचा कागद आण. कारण लिहून."

पोरगी काचेच्या फटीतून तोंड आत घालून हळूच म्हणाली, "काकू, कारण लिहिता येत नाही. कागद चार टेबलांवरून फिरतो. मी घरातून निघून आलेय. नवऱ्याला माहीत नाही मी कुठे आहे. माहीत पडता कामा नये."

तिने बाही जरा वर सरकवली. मनगटाच्या वरचं हाड वाकडं जुळलेलं होतं. एक्स-रे काढणारीच ती, तिला दाखवायला फोटो लागत नव्हता.

बाईंना भीती वाटली ती दोन्हीकडून. एकीकडे ते हाड, दुसरीकडे साहेबांचा नियम. बाईंना सगळ्यात आधी आठवली ती शवागाराखाली गेलेली फांदी. "तू साधा अर्ज तरी आण ना," त्या म्हणाल्या. "कारण खाजगी म्हणून लिही. मी साहेबांशी बोलते."

"बरं," पोरगी म्हणाली, आणि ज्या तऱ्हेने म्हणाली त्यावरून कळत होतं की ती अर्ज आणणार नाही.

संध्याकाळी बाईंनी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या काचा घासायचा, एका दुकानाच्या मागच्या खोलीत. दिवसभर यंत्राच्या आवाजात बसून त्याचा एक कान मंदावला होता, त्यामुळे त्याला गुपित सांगायचं तरी ओरडून सांगावं लागायचं.

"अगं, मग काढून टाकायचं की!" तो म्हणाला.

"अहो, नोकरी जाईल."

"एक पत्ता काढल्याने?"

"न विचारता काढल्याने."

नवऱ्याने ताटातला हात थांबवला. "आपली पोरगी असती तर विचारलं असतंस का कोणाला?"

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती, तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. तिचाही पत्ता कुठल्या तरी ऑफिसात कुठल्या तरी पडद्यावर असणारच. तो कोण बघतं? बाईंनी ताट तसंच सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर गेल्या त्या ठरवून. नोंद बदलायच्या आधी एकदा त्यांनी पडद्यावरची दुसरीच खिडकी उघडली. साहेबांनी ती त्यांना तक्रारी निस्तरण्यासाठी दाखवून ठेवली होती. कोणी, केव्हा, काय शोधलं आणि किती सापडलं, हे त्यात ओळीने उतरलेलं असायचं. एरवी त्या ओळी कोणी वाचत नाही. बाईंनी चौकटीत पोरीच्या नावाची पहिली अक्षरं घातली. सहज. खरं तर काही निघू नये म्हणून.

निघालं. पोरीचं नाव आणि तिचं सासरचं आडनाव. शोधणारा: लिफ्ट कंपनी. सापडल्या: शून्य. त्याखाली नुसतं पहिलं नाव. सापडल्या: फार, यादी तोडली. ही दोन्ही कालच्या सकाळची. आणि त्याखाली काल संध्याकाळची ओळ. नावाची पहिली अक्षरं, पुढे चांदणी, विभाग: परिचारिका. सापडल्या: शून्य. मग चांदणी, विभाग: प्रयोगशाळा. शून्य. चांदणी, विभाग: औषधं. शून्य.

बाई बघतच राहिल्या. तो एकेक फांदी चाचपत चालला होता. जिन्यात कोणी एकेक पायरी चढत यावं आणि आपण दाराआड ते ऐकत बसावं, तसं ते होतं. आणि चांदणी कोणी शिकवली? कोणी दाखवलं बोट ठेवून, ही बघा, फुलासारखी?

त्यांनी फोन उचलला आणि एक्स-रेचा आतला नंबर फिरवला.

"तुझा नवरा काय काम करतो गं?"

"का, काकू?"

"सांग तर."

"लिफ्टचं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. पण त्यांच्याकडे हे इस्पितळ नाही. मी बघूनच इथे..."

"आता आहे," बाई म्हणाल्या.

आणि घाईघाईने पुढे म्हणाल्या, "अजून सापडलेली नाहीस. मी आत्ता काढते सगळं. तू काळजी करू नको, आतच थांब."

फोन ठेवून त्यांनी झाडावरची एक्स-रेची फांदी उघडली. पोरीच्या नावावर टिचकी मारली. तिचा फोटो आला, नोकरीच्या पहिल्या दिवसाचा, जरासा हसरा. पत्ता पुसला. मोबाइल पुसला. खोली पुसली. नावाचीही पहिली अक्षरं बदलली. मग 'साठवा'वर बाण नेला आणि तिथे थांबल्या. कागद नाही, सही नाही, कोणाला विचारलेलं नाही. बाईंनी डोळे मिटले आणि दाबलं.

झालं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. गार पाण्याचा घोट घेतला. आणि तो घोट घशातच असताना त्यांना दुसरी प्रत आठवली.

झाडाच्या दोन प्रती होत्या. एक खरी, जिच्यावर बाई काम करायच्या. दुसरी नुसती बघायची, जी स्वागताच्या टेबलावर आणि बाहेरच्या कंपन्यांना दिसायची. खरीवर भार पडू नये म्हणून साहेबांनी केलेली. ती रोज पहाटे एकदाच ताजी व्हायची. म्हणजे आज पुसलेलं उद्या पुसलं जाणार. हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. भीतीने डोक्यातून पार गेलं होतं.

त्यांनी दुसरी प्रत उघडली. पोरगी तिथे होती. जशीच्या तशी. पत्ता, मोबाइल, खोली, हसरा फोटो. मग त्यांनी ओळींची खिडकी पुन्हा ताजी करून घेतली, आणि सगळ्यात खाली एक नवी ओळ आली. अक्षरं, चांदणी, विभाग: एक्स-रे. नुकतीच, बाई पाणी पीत होत्या तेव्हाची.

एक नोंद सापडली.

बाईंनी एक्स-रेला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. यंत्र चालू असलं की आतलं कोणी फोन घेत नाही. त्या उठल्या आणि शेजारच्या खोलीत साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. शब्द उलटसुलट पडत होते, लिफ्ट, हाड, चांदणी. साहेबांना आधी काहीच उमगेना.

"थांबा, थांबा. तुम्ही नोंद बदललीत? कागदाशिवाय?"

"हो."

"बाई, तुम्ही?"

"साहेब, ते नंतर. आधी हे बघा." त्यांनी साहेबांना हाताला धरून ओढतच आपल्या खुर्चीपाशी आणलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वरून खाली एकेक ओळ वाचत गेले, आणि शेवटच्या ओळीपाशी त्यांचा चेहरा उतरला.

"मी सुरक्षावाल्यांना बोलावतो," ते म्हणाले. "कंपनीचं लॉगिनही बंद करतो."

"ते येईपर्यंत काय? खोलीला समोर एकच दार उघडं. मागचं दार जुन्या सामानाच्या बोळात जातं, ते फक्त देखभालीच्या कार्डाने उघडतं. तिच्या कार्डावर ते घाला."

"अहो, त्याला परवानगी..."

"साहेब!"

बाई ओरडल्या. साऱ्या नोकरीत पहिल्यांदा. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूट त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांची बोटं बाईंपेक्षा कितीतरी भराभर चालत. "घालतो. पण दाराला कळायला थोडा वेळ लागतो हं," ते पडद्याकडे बघत म्हणाले. बाई तोवर खोलीबाहेर पडल्या होत्या.

एक्स-रे तळघरात. लिफ्टपाशी पिवळा फलक लावला होता: दुरुस्ती चालू आहे. त्यांनी जिना धरला. खाली जायचं आणि करायचं काय, हे त्यांना मुळीच माहीत नव्हतं.

तळघरातला बोळ लांब, भिंती खालून हिरव्या, वरून पांढऱ्या. एक्स-रेच्या दारावर लाल दिवा पेटलेला, म्हणजे आत काम चालू. समोर बाकावर हाताला पट्टी बांधलेली एक म्हातारी, तिचा मुलगा, आणि त्यांच्या पलीकडे तो. पिशवी पायांत घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे दारावर. रांगेत बसलेला पेशंटच जसा.

"अरे, मॅडम!" तो हसला. "तुम्ही इकडे कशा?"

"माझा... खांदा दुखतोय," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्या फारशा खोटं बोललेल्या नव्हत्या. "तुम्ही?"

"मी आपला बसलोय. माझ्या घरचं माणूस आहे आत."

बाकावर जागा फक्त त्याच्या शेजारी होती. बाई बसल्या. त्याच्या डगल्याला तेलाचा वास येत होता, कालच्या काचेला येत होता तोच.

लाल दिवा विझला. तो उठायला लागला. बाई त्याच्या आधी उठल्या आणि दाराशेजारच्या भिंतीवरच्या फोनपाशी गेल्या. नंबर फिरवला. आत घंटा वाजली, दाराआडून ऐकू आली. तो थबकला.

"एक्स-रे," पोरीचा आवाज आला.

आणि बाईंच्या तोंडून जुना आवाज बाहेर पडला. टेलिफोनवरचा, सरळ, कसलाही रंग नसलेला. "मी कार्ड विभागातून बोलतेय. तुमच्या मागच्या दाराची तक्रार आहे. आत्ता कार्ड लावून बघा."

"काकू? माझं कार्ड मागे चालत नाही."

"आता चालेल. समोरच्या दाराचं काम सध्या करू नका, तिथे माणूस बसलाय. समजलं का? समोर माणूस बसलाय."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. मग फोनची वायर ताणत गेलेली पावलं. मग कार्डाच्या यंत्राची एक छोटी, तुटकी बीप. नकार.

"परत लावा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तीच तुटकी बीप. तो आता बाईंच्या मागे येऊन उभा होता. त्याची सावली फोनवर पडली होती.

"कुणाशी बोलताय, मॅडम?"

"परत लावा. लागेपर्यंत लावत राहा." बाईंचा आवाज हलला नाही. तुटकी बीप. पुन्हा तुटकी. बाईंच्या डोळ्यांसमोर साहेबांची बोटं आली, आणि ते उशिरा समजणारं, हट्टी दार. मग एक लांब सूर आला, आणि बिजागरी करकरली, आणि रिसीव्हर कुठे तरी टेबलाच्या कडेला लोंबकळत आपटत राहिला.

बाईंनी फोन ठेवला. तेवढ्यात समोरचं दार आतून उघडलं आणि एक म्हातारबाबा सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. "अहो, ती मुलगी गेली कुठे? फोटो काढला आणि मागच्या दाराने पळाली! हे काय चाललंय इथे?"

लिफ्टवाला त्यांना बाजूला सारून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. रागही दिसत नव्हता. तो अगदी जवळ आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तुम्ही शिकवलंत छान, मॅडम. तुमचंही नाव त्या यादीत असेल ना? घरच्या पत्त्यासकट?"

जिन्यावर बुटांचा धडधडाट झाला. सुरक्षावाले आले. तो पिशवी उचलून मुकाट त्यांच्याबरोबर चालू लागला. जाताना त्याने त्या म्हातारीला वाट देण्यासाठी पाय मागे घेतला, अदबीने.

पोरगी त्या बोळातून सामानाच्या गाडीरस्त्याला लागली आणि तिथून साहेबांनी तिला स्वतःच्या गाडीत बसवून नेलं. कुठे नेलं ते बाईंनी विचारलं नाही. पोलिसांनी जाबजबाब घेतले. त्याने कोणाला हात लावला नव्हता, त्याच्याकडे पास होता, यादी बघायची परवानगी होती. कंपनीने त्याला त्या कामावरून काढलं, एवढंच. म्हणजे तो कुठे तरी होता.

साहेबांनी नोंद बदलल्याचा कागद स्वतः तयार केला, स्वतः सही केली. आणि वरच्या लोकांशी भांडून घरचे पत्ते आणि मोबाइल बाहेरच्यांना दिसणारच नाहीत असं करून घेतलं. "हे आधीच सुचायला हवं होतं," ते बाईंना म्हणाले. "कोणाला सुचलं नाही. मलाही नाही." पण बाईंचा पत्ता त्याने तोवर पाहिला होता. ओळींच्या खिडकीत ते स्पष्ट होतं. पोरगी सापडल्यावर लगेच त्याने आणखी एक शोध घेतला होता. विभाग: कम्प्युटर. का, ते कोण सांगणार? सापडलेल्या नोंदी दोन होत्या. एक साहेबांची, एक बाईंची.

त्यानंतर बाई धीट झाल्या म्हणावं, तर तसं काही झालं नाही. उलट झालं. नवऱ्याने दाराला साखळी बसवली, एक भोक पाडून त्यात आपल्या दुकानातली फुगीर काच बसवली. बाहेरचा माणूस पूर्ण दिसावा म्हणून ती त्याने स्वतः घासली होती. बेल वाजली की बाई आधी नवऱ्याला पाठवायच्या, आणि त्याला बेल ऐकू गेलेली नसायची. इमारतीतली लिफ्ट त्यांनी सोडली. कामावरून सुटल्यावर नवरा फाटकापाशी घ्यायला यायचा. करड्या डगल्याचा माणूस दिसला की बाई नवऱ्याचं बोट नाही, मनगट धरायच्या. भाऊ आला की जुन्या सवयीने चिडवायला जायचा आणि बहिणीचा चेहरा बघून गप्प व्हायचा.

तो पुन्हा कधी आला नाही. पण येणार नाही असंही कोणी सांगितलं नाही. अशी भीती संपत नाही. घरातल्या वापरात नसलेल्या खोलीसारखी राहते. दार लावलेलं असतं, पण ती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बरेच महिने गेले. एका दुपारी बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. बाहेरचा नंबर, अनोळखी. बाईंनी दोनदा वाजू दिला.

"काकू, मी."

बाईंनी आवाज ओळखला. दोन शब्दांत ओळखायचा त्यांचा धंदाच होता. "बरी आहेस?"

"बरी आहे. नोकरी मिळाली. इथे खूप... काकू, मी ना आता..."

"थांब," बाई घाईने म्हणाल्या. "सांगू नकोस. कुठे आहेस, काय करतेस, काही सांगू नकोस मला."

"तुम्ही कोणाला थोडंच सांगणार आहात?"

"मी सांगितलं होतं गं," बाई म्हणाल्या. "नकळत सांगितलं होतं. म्हणून मला माहीतच नको."

मग दोघींनीही फोन ठेवला नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कोणी तरी बाई हसत काही बोलत होती, मागे कुठे तरी नळ वाहत होता. बाईंनी ते सगळं कान देऊन ऐकलं. एवढं कळलं तरी चालण्यासारखं होतं.

"हात कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"थंडीत दुखतो."

"शेकत जा," बाई म्हणाल्या, आणि पोरीने हो म्हटल्यावर फोन ठेवला.